मोळी, गाडी आणि काटा

कपाशीचा भाव आमच्या घरातल्या जुन्या वह्यांत सापडतो. ज्वारीचा, भुईमुगाचा, केळीचाही सापडतो. सरपणाचा भाव मात्र एकाही वहीत नाही. सरपण विकणं शेतकऱ्याला कमीपणाचं वाटायचं, म्हणून तो कुणी लिहूनच ठेवला नाही. वेळ आली की विकायचं आणि चारचौघांत बोलायचं नाही, अशी रीत होती. पण चोपड्यापासून शिरपूर-शहाद्यापर्यंत सातपुड्याच्या पायथ्याची कितीतरी घरं कधी ना कधी या विक्रीवर तगलेली आहेत. आमचंही त्यांतलं एक. म्हणून जे पाहिलं, केलं आणि जाणत्यांकडून ऐकलं ते इथं मांडतो.

आधी मुलुख समजून घ्या. वर सातपुडा, खाली अजिंठा-सातमाळ्याचे डोंगर, मधून तापी. १९०६ साली इंग्रजांनी या खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले. तेच पुढं जळगाव आणि धुळे झाले, आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार निघाला. तापीकाठची काळी जमीन पिकाची, तिथं झाड कमी. लाकूड डोंगरात आणि चुली सपाटीला. त्यामुळं लाकूड कायम वरून खाली उतरत आलं. १८८० च्या इंग्रजी गॅझेटियरात लाकडाचा मोठा बाजार म्हणून तळोद्याचं नाव आहे, आणि तिथल्या बैलगाड्याही नावाजलेल्या होत्या. जिथं लाकूड तिथं गाडी, हे ओघानंच आलं.

मग कायदे आले. १८७८ चा जंगल कायदा आणि त्यानंतरचा १९२७ चा. डोंगर राखीव झाला. कालपर्यंत जो भिल्ल, पावरा, तडवी स्वतःच्या रानातून लाकूड आणत होता, तो एका सहीशिक्क्यानं चोर ठरला. लाकूड रस्त्यानं न्यायचं तर पास लागू लागला. पुढं १९६४ चा राज्याचा झाडतोडीचा कायदा आला आणि स्वतःच्या बांधावरच्या झाडालाही परवानगी लागू लागली. त्या कायद्याच्या यादीत साग, मोह, आंबा, चिंच, खैर, अंजन, जांभूळ, ऐन, हळदू अशी सोळा नावं आहेत. बाभूळ आणि बोर त्या यादीत नव्हती. आमच्याकडं सरपण म्हटलं की बाभूळच का डोळ्यांपुढं येते, त्याचं निम्मं कारण ती चांगली जळते हे आणि निम्मं कारण हा कायदा. शेतकऱ्याला बिनघोर विकता येईल असं झाड तेवढंच होतं.

विकायच्या रीती तीन होत्या. मोळी, गाडी आणि काटा.

मोळी बायांची. लासूर, सत्रासेनकडच्या पाड्यांवरून पावरा आणि भिल्ल बाया अंधारात निघायच्या आणि उन्हं वर यायच्या सुमाराला गावात पोचायच्या. डोक्यावर वीस-पंचवीस किलोची मोळी, हातात वाळक्या भोपळ्याचं तुंबडं. मोळी कधी तोलली जात नसे. भाव नजरेनं ठरायचा, आणि ती नजर घेणाऱ्याची असायची. आमची माय ओट्यावरून विचारायची,

"मोयी कितलानी वं?"

"दोन रुपया, माय."

"वल्ली शे ना ती."

"वाळेल शे. आवाज आयक."

असं म्हणून ती बाई मोळी भिंतीला टेकवायची, दोन फाटे उपसायची आणि एकावर एक ठोकायची. वाळलेलं लाकूड टणकन वाजतं, ओलं बदकन. लाकडाची ही सगळ्यात जुनी परीक्षा आणि आजही ती खोटी ठरत नाही. दुसरी परीक्षा टोकाची. वाळलेल्या लाकडाच्या कापलेल्या तोंडाला गाभ्यापासून सालीकडं बारीक तडे गेलेले असतात. तडे नाहीत आणि तोंड गुळगुळीत दिसतंय तर लाकूड आठवड्यातलं. तिसरी सालीची. नख लावलं की साल सुटली पाहिजे. माय नुसती मोळी उचलून सांगायची. आकाराच्या मानानं जड लागली की पाणी आहे.

मोळीत लबाडी दोन्हीकडून असे, हेही सांगतो. पोटात वाकडेतिकडे फाटे घातले की मोळी फुगते. वर सरळ, आत काटक्या. पण ही लबाडी चार आण्यांची. घेणाऱ्याची लबाडी वेळेची होती. सकाळी दोन रुपयांची मोळी दुपार कलल्यावर सव्वा रुपयाला मिळे, कारण तिला दहा-बारा किलोमीटर परत चालायचं असे, मोळी परत नेता येत नसे, आणि मीठ-मिरची तर घेऊन जायचीच असे. गावातल्या काही सुखवस्तू घरांत मुद्दाम दुपारीच मोळी घेत. त्याला ते हुशारी म्हणत. वाटेत तिला जंगलाचा माणूस भेटला तर त्याची मूठ वेगळी. त्या बाईच्या हिशेबात लाकडाची किंमत शून्यच धरलेली होती. तिला मिळत होती ती वाहणावळ, आणि तीही पुरी नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजाच्या व्याख्येत काटक्या-झुडपी लाकूड आणि बुंधे घेतले. फार बरं झालं, पण तोवर मोळीवाल्या बायांच्या दोन पिढ्या माना मोडून गेल्या होत्या.

गाडीचा व्यवहार पुरुषांचा. बैलगाडीभर लाकूड उक्तं विकलं जाई. इथं रचणाऱ्याचं कसब. जाडे ओंडके बाजूंना, आडवे फाटे वर आणि मध्ये पोकळी. दुरून गाडी डोंगराएवढी. जाणता गिऱ्हाईक वरून बघतच नसे. तो वाकून साट्याच्या फटींतून खालून बघे, उजेड कुठं दिसतो ते. लाकूड सरळ असलं तर रचाई दाट बसते. बोर आणि हिवर मुळात वाकडी, त्यामुळं त्यांची गाडी भरते लवकर आणि निघतं थोडं. वनखात्याच्या डेपोत जळाऊ लाकडाची थप्पी लावतात, तिला बीट म्हणतात. लांबी, रुंदी, उंची मोजून लिलाव होतो. पण थप्पी कितीही नीट लावली तरी तिच्यात तिसरा हिस्सा हवाच असते, आणि वाकड्या लाकडाच्या थप्पीत त्याहून जास्त. ज्याला हे ठाऊक तो बोली लावण्याआधी थप्पीभोवती दोन फेऱ्या मारतो.

तिसरी रीत काट्याची, म्हणजे वखारीची. वखारीत तिवईला लोखंडी दांडीचा मोठा काटा टांगलेला असे. एका पारड्यात दगडी वजनं, दुसऱ्यात ओंडके. जुना पक्का मण चाळीस शेरांचा, आताच्या हिशेबानं सदतीस किलोंहून थोडा जास्त. १९५६ चा मापांचा कायदा झाला, साठच्या दशकात किलो आणि क्विंटल आले, पण आमच्याकडं लोक क्विंटलला अडीच मण म्हणू लागले, म्हणजे मण परस्पर चाळीस किलोंचा झाला. आठ मणांवर एका मणाची अर्धी टोपली अशी भर पडली. ती भर विकणाऱ्याच्या पदरची. लोकांना कळलीही नाही.

काटा आला म्हणजे न्याय आला असं शहरातल्या वाचकाला वाटेल. काटा वजन सांगतो, लाकूड किती आणि पाणी किती ते सांगत नाही. त्याचा हिशेब मी सांगतो. ताज्या तोडलेल्या बाभळीत निम्म्याच्या जरा आत पाणी असतं. १०० किलोंतलं ४५ पाणी धरा, ५५ लाकूड. उन्हाळ्याचे दोन-तीन महिने फोडून वाळवलं तरी शंभरात पंधरा ओलावा राहतोच, तो हवेचा. म्हणजे १०० किलो ओलं लाकूड वाळून ६५ किलो उरतं. वाळल्याचा भाव १०० धरला तर ओल्याचा ६५ पेक्षा जास्त होऊच शकत नाही, आणि त्यात वाळवायची जागा, फोडाई आणि अडकलेला पैसा धरला तर पन्नासच्या आसपास यायला हवा. शिवाय ओलं लाकूड चुलीत घातलं की आधी त्याच्यातलं पाणी उकळायला लागतं, मग भाकरीला आच. बाईच्या डोळ्यांत जातो तो धूर त्या पाण्यापायी.

पण भाव असा निघायचाच नाही. वखारवाला विकत घेताना ओलं म्हणून पाडून घ्यायचा, आणि आठ दिवसांत तेच लाकूड वाळलं म्हणून विकायचा. पावसाळ्यात तर पाणी फुकट मिळतं. ताडपत्री एका रात्री सरकली की झालं.

१९७२ च्या दुष्काळात आमच्यावर ही वेळ आली. मी तेव्हा बारा वर्षांचा. त्या दुष्काळाचं वर्णन अनेकांनी केलं आहे, सुकडी, मिलो, खडी फोडायची कामं. ते पुन्हा करत नाही. आमच्या नाल्याच्या काठाला अकरा बाभळी होत्या, आजोबांच्या हातच्या. शेळ्यांनी शेंगा खाल्ल्या, पाला खाल्ला, मग खाण्यासारखं काही उरलं नाही. पुढच्या पेरणीच्या बियाण्याला पैसा नव्हता आणि एक बैल गेला होता. आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, बाभळी विकायचं ठरवलं.

एक व्यापारी आला. त्याचं नाव सांगायचं कारण नाही. तो झाडांभोवती फिरला, एकेका बुंध्याला मिठी मारून घेर बघितला आणि उक्ता आकडा सांगितला. आप्पा म्हणाले, उक्तं नाही, काट्यावर. तो हसून म्हणाला, बरं काट्यावर, पण महिन्यानं तोलू, वाळल्यावर. आप्पा म्हणाले, वाळल्यावर तोला, पण भाव वाळल्याचा द्या. त्याला भाव ओल्याचा हवा होता आणि वजन वाळल्याचं. या एका वाक्यात सरपणाच्या धंद्याची सगळी मेख आहे, आणि आप्पा चौथी शिकलेले असून त्यांनी ती उभ्या उभ्या पकडली. शेवटी ठरलं असं की तोडल्या दिवशीच तोलायचं आणि मणामागं चार किलो कडता धरायचा.

तोड सुरू झाली. पहिली गाडी वखारीवर न्यायच्या आधी आप्पांनी ती एका ओळखीच्या जिनिंगवर वळवली आणि कापसाच्या काट्यावर तोलून घेतली. चिठ्ठी खिशात. मग वखारीवर तोललं तर सत्तर किलोंचा फरक. आप्पा काही बोलले नाहीत, चिठ्ठी काढून ठेवली. व्यापाऱ्यानं ती वाचली, गाडीवानाकडं पाहिलं, पारडं पुसल्यासारखं केलं आणि म्हणाला, साखळीला चिखल लागला होता वाटतं. त्या दुष्काळात चिखल कुठून आला हे आप्पांनी विचारलं नाही. पुढच्या सगळ्या गाड्या बरोबर तोलल्या गेल्या. सत्तर किलो म्हणजे त्या वेळी फार पैसा नव्हे. पण अशा नऊ गाड्या गेल्या. नऊ गाड्यांच्या फरकात एका एकराचं बियाणं आलं असतं, आणि आलंच.

बुंधे मात्र आप्पांनी विकले नाहीत. जमिनीतला बुंधा हा बाभळीचा सगळ्यात भारी भाग, घट्ट आणि तांबडा, रात्रभर निखारा धरतो. पण तो खणायला दोन माणसांचा दिवस जातो, आणि फोडायला घण आणि पाचर लागते. ते आम्ही भावांनी त्या सुट्टीत खणले आणि दोन वर्षं घरात जाळले.

आता गुणाचं बोलू. लोक विचारतात चांगलं लाकूड कोणतं. उलट विचारायला हवं, कशाला हवंय. खानावळीला आणि आचाऱ्याला बाभूळ हवी, जाड, वाळलेली, एकदा पेटली की वारंवार हात लावावा न लागणारी. धावडा मिळाला तर त्याहून उत्तम, कोळसाही चांगला पडतो. अंजन ही आपल्या खान्देशी डोंगरांची खूण. लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं आणि कुऱ्हाडीची धार बसवतं. आच जबर, पण फोडणारा शिव्या देतो. चिंचेची आग तेज, भट्टीवाले तिला जपतात. सालई, पांगारा, शेवगा ही लाकडं दिसायला गाडीभर आणि जळायला घटकाभर. पळसाचंही तेच. सालई मात्र पेटवायला बरी, राळ असते. भडभुंज्याला जाड लाकूड चालतच नाही, त्याला भपकन पेटून भपकन विझणारं हवं, म्हणून तुरखाट्या. जळगावचं वांग्याचं भरीतही कपाशीच्या काट्यांवर किंवा तुरखाट्यांवरच भाजतात. बाभळीच्या निखाऱ्यावर वांगं वरून करपतं आणि आत कच्चं राहतं. खापरावरच्या पुरणपोळीला आच एकसारखी हवी, तिथं माझी बायको बोटाएवढे फोडलेले फाटे निवडून ठेवते आणि त्या दिवशी चुलीजवळ कुणाला फिरकू देत नाही.

जुनं लाकूड म्हणजे चांगलं, हाही समज अर्धाच खरा. वर्ष उलटलं की बाभळीच्या पांढऱ्या भागात भुंगा शिरतो, खाली पिठासारखा भुसा पडतो. तांबडा गाभा टिकतो. त्यामुळं वखारीत जुना ढीग दाखवला तर ओंडका आपटून बघावा. भुसा उडाला तर वजनाला हलकं लागेल, पण तुम्ही घेत असाल गाडी मोजून, तर फसाल.

एक गिऱ्हाईक असं आहे की जे घासाघीस करत नाही. सरणाचं. प्रेताला साधारण आठ मण, म्हणजे तीनेक क्विंटल लाकूड लागतं. खेड्यात जुनी रीत होती की घरटी एक लाकूड आणि चार गोवऱ्या निघायच्या, पैशाचा संबंध नसे. शहरात वखारीतून आणावं लागतं. घरात माणूस गेलेलं असताना कोण दोन फाटे ठोकून आवाज ऐकणार? आणि म्हणून ढिगातला सगळ्यात ओला माल तिथंच जातो. धुळ्याला माझ्या मामांच्या वेळी श्रावणात हे मी पाहिलं. लाकूड धुमसत राहिलं, तीन वेळा रॉकेल आणावं लागलं, मामेभाऊ धुरात उभा. मला विचाराल तर सरपणाच्या धंद्यातली सगळी लबाडी मी एकवेळ पोटात घालीन, ही नाही. आमच्या गावात तेव्हापासून आम्ही चौघा-पाचांनी एक केलं. मंदिरामागच्या पत्र्याच्या छपरात दहा-बारा मण फोडलेली बाभूळ बारा महिने कोरडी ठेवायची, ज्याच्या घरी लागेल त्यानं न्यायची आणि उन्हाळ्यात तितकी आणून टाकायची. वही नाही. आजवर कमी पडलेली नाही.

२०१६ च्या मे महिन्यात उज्ज्वला योजना सुरू झाली आणि आमच्या पट्ट्यातही घरोघर गॅस आला. बायकांच्या डोळ्यांचा त्रास कमी झाला, हे मी घरात पाहतो. पण चूल गेली नाही. भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवरच. त्यामागंही हिशेब आहे. साधी चूल लाकडातल्या उष्णतेचा आठवा-नववा हिस्साच भांड्याला देते, बाकी वाऱ्यावर. गॅसची शेगडी निम्म्याहून जास्त देते. त्या मानानं १४.२ किलोंची एक टाकी दोनेक क्विंटल वाळल्या लाकडाचं काम करते. ज्याला लाकूड विकत घ्यावं लागतं, त्यानं दोन क्विंटलचा भाव आणि टाकीचा भाव शेजारी मांडावा. ज्याच्या बांधावर फुकट पडतं तो मांडणारच नाही, आणि त्याचंही बरोबर आहे.

मोळीवाली आता चोपड्याच्या गल्लीत क्वचित दिसते. लाकूड मात्र पूर्वीपेक्षा जास्त हलतं आणि ते वेडी बाभूळ. कुणी लावली नाही, नाल्यांत, गायरानात, पडीक वावरात आपोआप माजली. ओली असतानाही जळते, म्हणून वीटभट्टीवाले ट्रॅक्टर पाठवतात. तोडणाऱ्याला काटा रुतला तर पाय आठवडाभर सुजतो, त्यामुळं मजुरी जास्त आणि मालाला भाव कमी. ट्रॅक्टर धरमकाट्यावर तोलला जातो, आधी भरलेला, मग रिकामा. रिकामा तोलताना ड्रायव्हर आणि त्याचे दोन मित्र ट्रॉलीत बसून राहतात का, एवढं बघावं. दीड-दोनशे किलो तिथं जातात.

कपाशीच्या काट्यांचं नवीन आहे. आम्ही त्या बांधावर जाळत होतो. आता त्यांचा भुगा करून दाबून विटांसारखे लांबट ठोकळे करतात, पांढरा कोळसा म्हणतात, बॉयलरला जातात. कारखानेवाले काट्या वजनावर घेतात, आणि तिथं एक हातात धरायचं यंत्र आहे. दोन सुया ढिगात खुपसतात आणि पडद्यावर ओलाव्याचा आकडा येतो. ठरल्यापेक्षा आकडा वर गेला की कडता. मी गेल्या वर्षी विचारलं, आणि ओलावा ठरल्यापेक्षा खाली आला तर? आम्ही काट्या उपटून तीन आठवडे उन्हात पसरल्या होत्या, आकडा बराच खाली होता. काट्यावरचा पोरगा हसला. म्हणाला, "काका, त्याचं काही नाही हो, असं अजून कोणी विचारलं नाही." मी त्याच्या मालकाला भेटून आलो आहे. यंदाच्या काट्यांना कोरड्या मालाचा वेगळा भाव लावायचं त्यानं तोंडी कबूल केलं आहे. जिनिंगवरचा काटा अजून आहे, पहिली ट्रॉली तिथून जाईल.